रुखमाबाईचं बियाणं

डोळे तपासायच्या नोकरीत माणसाचा स्वभाव बिघडतो, हे आधीच सांगून ठेवते. दिवसभर आपण "हे बरं दिसते का ते?" विचारायचं आणि समोरच्यानं "दोन्ही सारखंच दिसते जी" म्हणायचं. वर्षानुवर्षं हे ऐकलं की गरीब गायसुद्धा शिंगं उगारते. आरमोरी तालुक्यात मला तोंडावर 'डोळेवाली बाई' म्हणतात आणि पाठीमागं 'खेकसणारी बाई' म्हणतात. दोन्ही खरं आहे, मला राग नाही. नाव माझं संघप्रिया, माहेर मूल गावचं, नोकरी सरकारी दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढून द्यायची.

खेकसण्यात माझ्या वरचढ अशी या तालुक्यात मला एकच भेटली. येनटोल्याची रुखमाबाई.

येनटोल्यात आमचं तपासणी शिबीर होतं, तेव्हाची ही पहिली गाठ. शाळेच्या खोलीत मी टेबल मांडून बसले होते. पन्नाशीतली एक काटक बाई ताडताड आत आली, शाळेच्या लोखंडी कपाटापुढं उभी राहिली आणि कपाटाला म्हणाली, "नमस्कार बाई. लवकर पाहा, मले लय कामं हायेत."

मी म्हटलं, "मी इकडं हाओ, बाई."

"इकडंच पाहून राह्यली ना मी!" ती माझ्यावरच डाफरली. "तुमीच कोपऱ्यात काऊन बसल्या?"

तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा. म्हणजे वीतभर अंतरापर्यंत सगळं लख्ख आणि त्याच्या पुढं धुकं. पुस्तकात याला लघुदृष्टी म्हणतात. एवढा नंबर घेऊन ही बाई अर्धं आयुष्य नदीनाले ओलांडत होती, ढोरं हाकत होती, बाजार करत होती आणि लोकांना त्यांच्या चालीवरून ओळखत होती. चष्मा तयार होऊन आला तेव्हा तिनं तो डोळ्यांवर चढवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अव माय! तू तं जवान हायेस वं! आवाजावरून मले म्हातारी वाटली होती."

त्या दिवसापासून आमची मैत्री. घरी गेल्यावर तिनं म्हणे पहिलं काम काय केलं असेल, तर छपरावरची फुटकी कवेलं पाहिली आणि ती इतके दिवस कोणी बदलली नाहीत म्हणून पोराला झापझाप झापलं.

आता तिच्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रुखमाबाई धिवर समाजाची. धिवर म्हणजे मासे धरणारे, जाळी विणणारे लोक. पण आमच्याकडं त्यांची पुष्कळ घरं पिढ्यान्‌पिढ्या कोसाही करतात. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर किडे सोडायचे, ते पाला खाऊन बोटाएवढे जाड होतात आणि मग स्वतःभोवती कोसा विणून घेतात. किडे झाडावर असेपर्यंत माणसानं रानातच मुक्काम ठोकायचा, कारण पाखरं टपूनच बसलेली असतात. हातात गुलेल घ्यायची आणि दिवसभर शेंड्याकडं बघत राहायचं.

हे राखणीचं काम रुखमाबाईच्या नशिबी नव्हतं. सासरी आल्यावर एकदा तिच्या हाती गुलेल दिली, तर तिनं पांढरं पाखरू समजून जावेच्या वाळत टाकलेल्या पोलक्याला भोक पाडलं. नेम मात्र अचूक होता, असं ती अजूनही ठासून सांगते.

लग्न जुळतानाची गोष्ट तर गावात अजून चघळली जाते. पाहुणे पाहायला आले होते. रुखमाबाई चहा घेऊन बाहेर आली आणि खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यापुढं कप धरून उभी राहिली. सदरा कप घेईना, तर "घ्या ना जी, लाजता काऊन?" असा आग्रह केला. सगळे गार. पण नवरदेव इसरू पोट धरून हसला आणि तिथंच त्यानं होकार दिला. "असी बायको मिळाली तं मानूस जलमभर हासत राहीन," असं तो म्हणाला होता. सासू मात्र हसली नव्हती. तिनं सुनेचं नाव 'आंधळी' ठेवलं आणि मरेपर्यंत बदललं नाही.

आंधळी! आणि जवळचं काम असं की आपण बघत राहावं. किड्याची अंडी ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण रुखमाबाई चष्मा काढून नाकाशी धरते आणि कोणतं भरलेलं, कोणतं पोचट ते चटचट निवडते. अख्ख्या येनटोल्याचं बियाणं, म्हणजे ही अंडी, तीच तयार करते. रेशीमवाल्या साहेबांनी तिला सूक्ष्मदर्शकही शिकवला, त्याला ती दुर्बीण म्हणते. कोशातून किड्याचं पाखरू होऊन निघतं; त्यातल्या मादीनं अंडी घातली की ते पाखरू ठेचायचं, त्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि बघायचं. आईच्या अंगात रोगाचे बारीक ठिपके दिसले, तर तो रोग अंड्यात उतरलेलाच असणार. मग ती सगळी अंडी जाळून टाकायची. या बाबतीत रुखमाबाई कोणाचं ऐकत नाही. एकदा सख्ख्या भावाची, लटारूची, अंडी तिनं त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. तो पाया पडला तरी ऐकलं नाही. "बी खराब तं सारंच खराब," हा तिचा मंत्र.

आणि हाच मंत्र तिच्या मानेवर बसला होता, ते मला कळलं तिच्या पोराच्या लग्नाच्या वेळी.

इसरू लवकर गेला. रानात राखणीला असताना त्याला साप लागला. सुनिल तेव्हा हाताएवढा होता. रुखमाबाईनं एकटीनं पोर वाढवलं. सहावीत असताना सुनिललाही चष्मा लागला. तेव्हा सासू जिवंत होती. ती ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बीच खराब हाये. मायचं पोराले उतरलं." बाहेरच्यानं म्हटलं असतं तर रुखमाबाईनं त्याची जीभ हासडली असती. पण हे तिला पटलं होतं. तिचं कामच ते होतं ना!

सुनिल मोठा झाला, आरमोरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मूलच्या दीपालीशी त्याचं जमलं. दीपालीचे वडील तिथल्या मच्छीमार संस्थेत, पोरगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. घर तोलामोलाचं, जात एक, दोघांचं मन तर कधीचंच जुळलेलं. साखरपुड्याचा दिवस धरला. आणि त्या आठवड्यात रुखमाबाई दोघांनाही घेऊन माझ्या खोलीत घुसली. बाहेर रांग लागलेली होती, पण तिला अडवायची कोणाची टाप?

"हे दीपाली," ती म्हणाली. "हिचे डोळे काढ."

"काढू? मंग ती पाहील कायनं?" मी म्हटलं.

"नंबर काढ वं! उगी फिदीफिदी करू नोको."

पोरगी गोरीमोरी होऊन बसली. तपासलं. मायनस पाच. सुनिलचा मला पाठच होता, मायनस सहा.

"आता सांग," रुखमाबाई म्हणाली.

"काय सांगू?"

"या दोघायचं लेकरू कसं निंगंल?"

माझं डोकं सटकलं. "रुखमाबाई, मी डोळे पाह्यते, पत्रिका नाई."

"पत्रिका कोन मागून राह्यलं? मी दुर्बिणीत पाखरू पाह्यते अन् सांगते, अंडी ठेवाची का जाळाची. तू एवढी शिकली, एवढ्या मशिनी लावते. तुले एवढं नाई सांगता येत?"

तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेली दीपाली बोलली. "आत्याबाई, मी काय पाखराची अंडी हाओ का, जाळाले?"

"तुले कोन जाळते वं माय? तू गुणाचीच हायेस. तू मले आवडतेस, तोच तं तरास हाये!" असं म्हणून रुखमाबाई माझ्याकडं वळली. "बाई, खरं सांग. माय चष्मेवाली, बाप चष्मेवाला. लेकराले लागनार का नाई?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "दोघायले असला तं लागाची शक्यता जास्त राह्यते, हे खरं हाये. पन..."

पण 'पन'च्या पुढं ऐकायला ती थांबलीच नाही. उठली, पदर खोचला. "झालं! आयकलं ना रे सुनिल? साखरपुडा नाई होत. मी एक घर आंधळं केलं, आता दोन बाजूनं आंधळं करू का?" आणि तरातरा निघून गेली. दीपाली रडत बाहेर, तिच्यामागं सुनिल. बाहेरच्या रांगेतले म्हातारे मला विचारतात, "काय झालं जी, मोतीबिंदू निंगाला का?"

जात जमली, घर जमलं, मन जमलं, फक्त नंबर जमला नाही म्हणून सोयरीक मोडली, असं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू यावं की राग, तेच कळेना. रात्री जेवताना मात्र मी ताटाशीच खेकसले. एवढी शहाणी बाई, आणि दोन पोरांच्या सुखावर पाय द्यायला निघाली. तेही प्रेमापोटी!

दुसऱ्या दिवशी सुनिल एकटाच आला. चेहरा उतरलेला. "बाई, तुमीच बिघडवलं, आता तुमीच दुरुस्त करा. मोबाइल असता तं मीच उघडला असता. हे माह्या हातचं नाई."

"तुही माय हाये कुठी?"

"रानात. मामाजवळ. किडे मोठे झाले ना आता, भाकरी घेऊन जाते अन् तिथीच राह्यते. माह्याशी बोलत नाई. दीपालीचा फोन घेत नाई."

मी विचार केला, तशीही रानात राखण करणारी माणसं शिबिराला कधी येत नाहीत. रविवारी जाऊ, त्यांचेही डोळे पाहू. दीपालीला मूलहून बोलावून घेतलं, तिला माझ्या स्कूटीवर मागं बसवलं आणि तपासणीचा तक्ता गुंडाळून डिक्कीत टाकला. सुनिल त्याच्या गाडीवर पुढं रस्ता दाखवायला. पाऊस संपून धान पोटरीत आलं होतं, ऊन चांगलं खणखणीत होतं. दीपाली वाटभर म्हणत होती, "त्यायनं हाकलून देल्लं तं?" मी म्हटलं, "तं परत येऊ. स्कूटीत पेट्रोल हाये."

येनाच्या झाडांखाली गवताची खोपटी होती. रुखमाबाई चूल पेटवत होती. तिनं गाडीचा आवाज ऐकला, आम्हा तिघांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण पाहुण्याला पाणी न देण्याइतकी ती वाईट नाही. तांब्या माझ्यापुढं आदळला, दीपालीपुढंही आदळला.

मी तिच्याशी बोललेच नाही. म्हटलं, बघू कोण आधी बोलते. तक्ता एका झाडाच्या खोडाला बांधला आणि लटारूभाऊला हाक मारली. लटारू हा तिचा पाठचा भाऊ; माहेर आणि सासर दोन्हीकडचं रान हेच. वाळका, काळाकुळा, केस पिकलेले, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि हातात गुलेल. त्याला लांब उभं केलं. या तक्त्यावर नुसते तीन काड्यांचे आकार असतात. काड्यांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही जमतं. लटारूनं वरची ओळ दाखवली, मधली दाखवली, सगळ्यात खालची बारीक ओळ तर बोट नाचवत दाखवली.

"बस, झालं भाऊ," मी म्हटलं.

"थांबा ना जी," तो म्हणाला. "खालच्या ओळीच्या बी खाली एक मुंगी चढून राह्यली. ते कोन्या बाजूनं तोंड करून हाये ते सांगू का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. होती खरंच! मुंगी, तीही बारीकशी लाल. दीपाली खळखळून हसली. चुलीजवळ पाठमोरी बसलेली रुखमाबाईही खांदे हलवून हसत होती, पण दाखवत नव्हती.

मग मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "रुखमाबाई, हा तुहा सख्खा भाऊ ना?"

"मंग काय बाजारातून आनला?"

"एकच माय, एकच बाप?"

"माह्या मायले नाव ठेवतेस का वं?" ती फुरफुरली.

"नाव नाई ठेवत. तूच तं म्हंतेस, बी खराब तं सारंच खराब. मंग एकाच मायच्या पोटचा हा मानूस मुंगीचं तोंड सांगते, अन् तू कपाटाले नमस्कार करते. हे कसं काय?"

ती काटकी चुलीत सारत राहिली. मीच बोलत सुटले, कारण 'पन'च्या पुढचं माझ्या पोटात चार दिवस अडकलं होतं.

"आता आयक. लेकरू जन्मते तवा डोळा लहान राह्यते. मंग तो वाढते. किती वाढाचं, हे कोन ठरवते? डोळ्याच्या मांगचा पडदा. त्याच्यावर चित्र पडते. चित्र पडद्याच्या मांगं जाऊन राह्यलं तं पडदा म्हंते, वाढ अजून. बरोबर पडलं तं म्हंते, थांब. अन् मानूस मोकळ्या उजेडात राह्यलं तं पडदा एक रस सोडते, डोपामिन म्हंते त्याले. तो रस बी डोळ्याले सांगते, बस झालं बापा, आता नोको लांबू. अंधाऱ्या खोलीत, नाकाजवळचं काम करत राह्यलं तं तो रस कमी सुटते. डोळा लांबतच जाते. लांबल्या डोळ्यात दूरचं चित्र पडद्यापाशी पोचतच नाई, अलीकडंच पडते. मंग धुकं."

"उन्हानं तं डोळे खराब होते म्हंते," रुखमाबाई पुटपुटली. बोलली एकदाची!

"सूर्याकडं टकमक पाह्यलं तं होते. तसं नोको पाहू. या झाडाखालचा उजेड बी पुरते डोळ्याले."

"अन् बी? बियाचं काईच नाई?"

"हाये ना. बी बी हाये. पन ते तुह्या पाखराच्या रोगासारखं नाई, का एक ठिपका दिसला अन् खेळ खलास. ते शेकडो ठिकाणी लिहून राह्यते, अन् एकेक ठिकाण रतीभर ढकलते. वर्गणीवानी. कोनाच्या वाट्याले जास्त येते, कोनाच्या कमी. तुह्या वाट्याले आलं असन, लटारूभाऊच्या बी आलं असन. लटारूभाऊ, लहानपणी तुमी कुठी राहा?"

"मी?" लटारू खर्रा थुंकून म्हणाला. "मी याच झाडायखाली. चालाले लागलो तवापासून बापासंगं गुलेल घेऊन. घरी कोन बसते? हे मात्र खोलीतच राह्ये. बियाच्या खोलीत."

रुखमाबाईचा हात थांबला.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. पहिली पोरगी असली की तिनं बियाणं सांभाळायचं. पहिल्या पोरीच्या हातानं बी वाढतं, असं मानायचे. बियाणाची खोली म्हणजे बिनखिडकीची. दाराला पोतं टांगलेलं, म्हणजे पाखरं उजेडाकडं जाणार नाहीत आणि पाली आत शिरणार नाहीत. रॉकेलच्या चिमणीशेजारी बसून रुखमाबाई अंडी निवडायची, त्यांवर चढलेल्या मुंग्या वेचायची, आणि ते नसलं की मांडीवर कोशाचं सूत वळायची. दुधाचे दात पडायच्या वयापासून लग्न होईपर्यंत.

"माय लाडानं बियाची रानी म्हणे मले," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीच्या पोट्ट्या उन्हात ढोरामांगं फिरत. मले वाटे, आपन किती भाग्याचे." मग माझ्याकडं वळली. चष्म्यामागचे डोळे भरून आले होते. "मंग बाई, मी बी खराब नव्हती?"

काय सांगू तुम्हाला! एवढं एक वाक्य विचारायला या बाईला सगळा जन्म लागला. माझ्याच डोळ्यांपुढं धुकं आलं आणि मला माझाच राग आला, कारण मी कामावर असताना रडत नाही. मी म्हटलं, "खराब असं मानसात काई नसतेच वं माय. थोडं तुह्या वाट्याले आलं असन, थोडं त्या खोलीनं केलं. कोनाचं किती, हे मोजून सांगनारा अजून जन्माले नाई आला."

"अन् माही सासू जलमभर..." ती एकदम भडकली. "आंधळी, आंधळी म्हणून म्हातारीनं माहा जीव खाल्ला! असती तं आता सांगितलं असतं तिले!" दोन क्षण ती त्याच रागात धगधगत होती. मग तिची नजर सुनिलवर गेली आणि चेहरा पडला. "पन याले तं मीच कोंडलं. याचा बाप रानात गेला तवापासून मी याले झाडाखाली पाय टाकू नाई देल्ला. साप दिसे मले जिकडं तिकडं. माह्या मांडीजवळ, त्याच अंधारात बसवून ठेवला. मीच केलं ना हे?"

मी तोंड उघडलं, पण सुनिलनं मला बोलू दिलं नाही. तो उठून तिच्याजवळ आला. "माय, तू मले जगवलं. चष्म्याचं काय घेऊन बसली? चष्मा दुकानात भेटते. माय भेटते का?"

लटारू तिकडं उगाचच झाडावर गुलेल मारत होता. पाखरू एकही नव्हतं.

 चुलीवरचा चहा उकळून अर्धा झाला. शेवटी पदरानं नाक पुसून रुखमाबाईनं मला विचारलं, "लेकरू आम्ही उजेडात ठेवलं, याच झाडायखाली खेळू देल्लं, तं चष्मा नाई लागन ना? पक्कं सांग."

इथं 'नाही लागणार' म्हटलं असतं तर काम तिथंच फत्ते होतं. दीपाली माझ्याकडं बघत होती. पण पुन्हा तेच, खोटं बोलायची मला सवय नाही. "पक्कं नाई सांगत," मी म्हटलं. "उजेडानं धोका कमी होते, जात नाई. लागला तं लागू बी शकते. लागलाच तं माह्याकडं आना, आता नंबर वाढू नाई म्हणून टाकाचे थेंब बी निंगाले. पन पक्कं मले काईच सांगता येत नाई."

"बियाचं पक्कं सांगता येते, अन् मानसाचं नाई?"

"नाई."

दीपालीनं मान खाली घातली. रुखमाबाई मात्र मान हलवत राहिली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"बरं हाये मंग," ती म्हणाली. "पक्कं सांगता येत असतं, तं माह्या सासूनं मले पयल्याच दिवशी चुलीत घातलं असतं."

लटारू ठो ठो हसला. आधी कोणालाच हसावं की नाही ते कळलं नव्हतं, मग सगळेच हसलो. दीपाली हसता हसता रडायला लागली. तिचा चष्मा वाफाळून पांढरा झाला आणि तिला समोरचं काही दिसेना. रुखमाबाई उठली, तिच्यापुढं जाऊन बसली. पोरीच्या नाकावरचा चष्मा तिनं स्वतःच्या हातानं काढला, काचांवर फुंकर घातली, लुगड्याच्या पदरानं दोन्ही बाजूंनी पुसला आणि पुन्हा तिच्या डोळ्यांवर नीट बसवला.

"आता चांगलं पाहून घे मले," ती म्हणाली. "मंग लग्न झाल्यावर नोको म्हणू, का सासू कसी हाये ते दिसलंच नाई."

दीपालीनं पाहिलं, आणि पाया पडायच्या ऐवजी सरळ तिच्या गळ्यातच पडली.